डलहौसीहून आलेला डबा

"मोडीत द्यायचाय का?" मी मान वर न करताच विचारलं.

काउंटरवर कुणीतरी स्टीलचा कडीचा डबा ठेवला होता. जुना, बुडाला पोचा आलेला. लातूरच्या गोलाई बाजारातल्या आमच्या भांड्यांच्या दुकानात असली मोड रोज येते.

"मोडीत न्हाई... परत द्यायचाय."

"विकलेला माल परत घेत नाही. पाटी वाचा."

"विकलेला न्हाई हो. विसरलेला हाय."

आवाजात हसू होतं. मग मात्र मी वर पाहिलं. उंच, सावळा, खिशाला शाईचा डाग. डोळे तर असे, की भांडायला आलेल्या गिऱ्हाइकाचे असूच शकत नाहीत. मी डबा फिरवला. कडेला मशीननं कोरलेलं नाव होतं — सिद्रामप्पा, लातूर.

ते माझ्या अप्पांचं अक्षर होतं. दुकानातून गेलेल्या हजारो भांड्यांवर त्यांनी नावं टाकली असतील, पण त्यांचं स्वतःचं नाव असलेलं भांडं मी पहिल्यांदाच हातात धरत होते.

"मी रविकिरण. नांदेडला कॉलेजात शिकवतो, हितं प्रॅक्टिकलची परीक्षा घ्यायला आलो. आई म्हणली, लातूरला चाललास तर सिद्रामप्पांचा डबा दिऊन ये. लई वर्षं झाली." त्यानं दुकानात इकडंतिकडं पाहिलं. "हायेत का ते?"

त्याची नजर माझ्या मागच्या भिंतीकडं गेली... फोटोकडं, हाराकडं. त्याचं हसू पार मावळलं.

"माफ करा... आम्हाला कळलंच न्हाई."

"डलहौसीहून आलो, त्याच्या पुढच्याच वर्षी," मी म्हणाले. "मी तेव्हा लहान होते."

अप्पांनी आयुष्यात एकदाच दुकान बंद ठेवलं, ते त्या सहलीसाठी. नांदेडहून सचखंड एक्सप्रेस पकडली, तर समोरच्या बाकावर रेल्वेत नोकरीला असलेले एक गृहस्थ, त्यांची बायको केवळाबाई आणि एक शेंबडा मुलगा. डलहौसीत हॉटेलही एकच निघालं. तो शेंबडा मुलगा आता माझ्यासमोर चष्मा पुसत उभा होता.

"आमच्या बाबांना तिथं ताप आला. हॉटेलातलं खाणं जाईना," तो सांगू लागला. "तुमच्या अप्पांनी दशम्यांचा डबाच दिऊन टाकला. अन् मला रोज तुमच्यासंगं फिरायला न्यायचे. माझी डलहौसी म्हंजे तुमचे अप्पाच."

खिशातून त्यानं एक पोस्टकार्ड काढलं. पुढच्या बाजूला बर्फाचा डोंगर, मागं पुन्हा तेच अक्षर. 'केवळाबाई, डबा राहू द्या. लातूरला याल तेव्हा आणा. रिकामा मात्र आणायचा नाही.'

पण केवळाबाईंच्या यजमानांची बदली सिकंदराबादला झाली आणि येणं राहूनच गेलं. मी डब्याची कडी काढली. आत काठोकाठ शेंगदाण्याचे लाडू होते.

दुसऱ्या दिवशी तो निघताना मी त्याच डब्यात धपाटे आणि चटणी भरून दिली.

"अहो, डबा तुमचा हाय!"

"असू दे. तुमच्या आईला रिकाम्या हातानं जाऊन कसं सांगणार, की डबा दिला म्हणून?"

"म्हंजे मला परत यावं लागंल."

"धपाटे आवडले तर या... नाहीतर एसटीनं पाठवा."

तो आला. परीक्षा संपल्या, तरी परीक्षक येतच राहिला. दर रविवारी अहमदपूरमार्गे एसटीनं डबा यायचा, त्यासोबत हा यायचा, आणि आमची अव्वा — माझी आई, नीलम्मा — चहात दूध जरा जास्तच घालायची.

एकदा तो डलहौसीचे फोटो घेऊन आला. काउंटरवर मांडले आणि मी हसत सुटले. एकाही मोठ्या माणसाला डोकं नव्हतं! मी आणि तो मात्र छान, अगदी मधोमध.

"बाबा अंथरुणात, मग कॅमेरा आईच्या हातात आला," तो ओशाळून म्हणाला. "जन्मात पहिल्यांदा. पोरं यावीत म्हणून खाली धरला, अन् समद्यांची मुंडकी उडवली."

"ही कोण?"

"तुमच्या आई."

"मुंडक्याशिवाय कसं ओळखलं?"

"पातळावरून. अन् ही टोपीतली रडकी... ती कुठंबी वळखू येते."

"आणि हा शेंबडा?"

"तो आता सुधारलाय. बघता तर खरं, पण सांगत न्हाई तुम्ही."

मी पटकन पुढचा फोटो उचलला. त्यात अप्पांचा तपकिरी स्वेटर होता. एक रुंद हात माझ्या खांद्यावर, एक त्याच्या. स्वेटरच्या वर नुसतं आभाळ. पुढच्या फोटोतही तेच, त्याच्या पुढच्यातही. आणि हसता हसता मला रडूच फुटलं.

"काय झालं? मंजुश्री... काय झालं?"

"आमच्या फोटोंत अप्पा नाहीतच," मी म्हणाले. "कॅमेरा त्यांच्याच हातात असायचा. फार तर खाली गवतावर त्यांची सावली दिसते. हा भिंतीवरचा फोटो ओळखपत्रावरून मोठा केलाय, बघा किती रागीट दिसतात. अप्पा असे नव्हते हो. सारखे हसायचे, एवढं माहितीये... पण कसे हसायचे, तेच आता आठवेना झालंय मला."

हे मी अव्वालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. त्यानं फोटो गोळा केले, डबा उचलला आणि गेला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. गिऱ्हाइकानं पातेलं मागितलं तर मी परात देऊ लागले. रडणाऱ्या बाईला भिऊन पळाला, असं स्वतःला दहादा सांगितलं, आणि दारात सावली पडली की दहादा मान वर केली. अव्वा नुसती बघायची. "फोन कर की गं," एकदा म्हणाली. मी कशाला करू? ...केला. बंद होता.

आणि एका मंगळवारी, ऐन गर्दीत, काउंटरवर डबा ठेवल्याचा आवाज झाला.

"आज मंगळवार आहे," मी म्हणाले. आवाज कापत होता, तो रागानं असं मी ठरवून टाकलं.

"रविवारची वाट बघवंना. उघडा."

डब्यात एकच फोटो होता, कोराकरकरीत.

"तवा लॅबवाले खराब फोटो छापतच नसायचे," तो भराभर सांगत होता. "आईच्या पेटीत निगेटिव्हची पट्टी सापडली. त्यातला एक फोटो कधी छापलाच नव्हता. नांदेडात कुणी करून दिईना. शेवटी हैदराबादला जाऊन बसलो. फोन पण तिथंच पडला कुठंतरी..."

मला पुढचं ऐकू आलं नाही. फोटो वाकडा होता. केवळाबाईंनी इथंही सगळ्यांची मुंडकी उडवली होती. पण माझ्या बुटाची नाडी सुटली होती, आणि ती बांधायला अप्पा खाली वाकले होते. वाकून माझ्याकडं बघत, तोंडभर हसत होते. पुढचा एक दात जरा आडवा. माझा आहे, तस्साच.

असे हसायचे. हो, असेच हसायचे!

अव्वा आतून आली. पदरानं हात पुसून तिनं फोटो घेतला, उजेडाकडं धरला.

"हसायलेत बघ," ती म्हणाली. मग भिंतीकडं बघत, "मंजू, भिंतीवरचा उतरव. ह्यो लाव." आणि रविकिरणच्या तोंडावरून हात फिरवून ती डोळे पुसत आत गेली.

मी त्याच्याकडं पाहिलं. डोळे तारवटलेले, शर्ट चुरगळलेला. या माणसानं मला माझे अप्पा आणून दिले होते.

"आता फोटो संपले," तो हळूच म्हणाला. "डबाबी तुमचा तुम्हाला पोचला. आता... कशाच्या निमित्तानं यावं?"

मी नाव टाकायचं मशीन पुढं ओढलं. ते घुर्रर्र करू लागलं. अप्पांच्या अक्षरातल्या 'लातूर'च्या शेजारी मी एकच शब्द कोरला आणि डबा त्याच्यापुढं सरकवला.

त्यानं बोट फिरवून वाचला. नांदेड.

"म्हंजे..." त्याचे कान लाल झाले होते.

"म्हणजे आता तो दोन्ही घरचा. निमित्त कशाला लागतंय तुला?"

'तुला' म्हणाले, ते मागाहून लक्षात आलं. तो काही बोलणार तेवढ्यात अव्वा बाहेर आली. तिनं डबा उचलला आणि सोबत आणलेल्या बरणीतून त्यात साखर ओतू लागली.

"केवळाबाईला सांग, लेका," ती म्हणाली. "रिकामा धाडला न्हाई म्हणाव."

येत्या वैशाखात आमचं लग्न आहे. फोटोग्राफर ठरवलाय, पण एक कॅमेरा केवळाबाईंच्या हातात द्यायचा, असा माझा हट्ट आहे. सगळ्या पाहुण्यांना सांगून ठेवलंय, त्या समोर आल्या की जरा वाकून उभे राहा.