एकशे ऐंशी पेट्या

सुरेखाताईंची एकवीस वर्षं बँकेच्या परदेशी व्यवहार विभागात कागद तपासण्यात गेली होती. लेटर ऑफ क्रेडिटचं काम तसं सरळ. परदेशातल्या गिऱ्हाइकाची बँक लिहून देते, की अमुक कागद अमुक शब्दांत आले तर पैसे देऊ. मग बिल, बोटीची बिल्टी, पेट्यांची यादी असं एकेक ओळ ताडून बघायचं. माल कुणी बघत नाही. बघायचा नसतोच.

पण पहिल्या फेरीत चूक निघाली नाही, असे कागद त्यांनी क्वचितच पाहिले होते. कुठं तारीख हुकायची, कुठं नावातलं एखादं अक्षर.

वाळूजच्या त्या कारखान्याचे कागद मात्र चौदा महिने बिनचूक येत होते. ओतीव बिडाचे ब्रेक-ड्रम, एकशे ऐंशी पेट्या, हॅम्बुर्ग. पैसे वेळेवर येत, मालाबद्दल तक्रार नाही. पण शेजारच्या टेबलावरचे साहेबराव एका खोट्या बिल्टीपायी निलंबित झाले, आणि सुरेखाताईंना हा बिनचूकपणाच टोचायला लागला. पंधराव्या खेपेच्या आधी त्यांनी रजा टाकली आणि पुंडलिकनगरहून स्कूटीवर थेट वाळूज गाठलं.

पत्त्यावर मोकळा प्लॉट होता. तारेचं कुंपण, वाळलेलं गवत, फाटक सताड उघडं.

शेजारच्या कंपनीच्या गेटवर सर्जेराव वॉचमन उभे होते.

"इथला कारखाना कुठं गेला हो?"

"नव्हताच कधी. पण थांबा, अकराला गाडी येईल. मालाची."

"कसला माल?"

सर्जेराव आपल्या केबिनीत गेले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

अकराला ट्रक आला. रिकामा. ड्रायव्हर बासितनं तो प्लॉटच्या मधोमध लावला, मागचा फाळका पाडला आणि परत जागेवर जाऊन बसला.

सुरेखाताई त्याच्या खिडकीशी गेल्या. "कोण भरणार?"

"भरतात, बाई. मी मागं बघत नाय." स्टिअरिंग त्यानं गच्च धरलं होतं. "दीड घंटा लागतो. तुमी बी नका बघू."

तेवढ्यात मागं ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे करकरले.

त्या मागं गेल्या. हौदा रिकामाच होता. पण टायर दबले होते. ताज्या ओतकामाचा, जळक्या वाळूचा वास येत होता. भर उन्हात गवत एका रेषेत दबत होतं आणि पुन्हा उभं राहत होतं. दबत होतं, उभं राहत होतं.

फसवणूक असती तर बरं, असं त्यांना वाटलं. फसवणुकीसाठी फॉर्मवर रकाना होता.

त्यांनी हात पुढं केला.

हवेत खरबरीत लाकूड लागलं. कोपरा. पत्र्याची पट्टी. खिळ्याचं डोकं.

"मॅडम," अगदी कानाशी, दमलेल्या आवाजात कुणीतरी अदबीनं म्हणालं, "हात जरा काढता का? वर दुसरी ठेवायचीय."

त्यांनी हात काढला.

पाटे बोटभर खाली बसले.

चार दिवसांनी कागद टेबलावर आले. सुरेखाताईंनी ते दोनदा वाचले. चूक नव्हती. माल बघायचा नसतो, असं स्वतःशी पुटपुटत त्यांनी पेन उघडलं.

टेबलासमोरच्या खुर्चीत कुणी नव्हतं. तरी तिची गादी खोल दबलेली होती.

सही झाल्यावर ती हळूहळू वर आली.