सरळ कोरलेला ठसा

या, असे जवळ सरका. एक गोष्ट सांगतो. देवाला स्मरून सांगतो, पदरचं काही घातलेलं नाही.

दुपारची वेळ. बाहेर लख्ख ऊन. घरामागच्या छापखोलीत मी आणि आत्या, दोघंच.

खोली लहान. वर एक झरोका. उजव्या भिंतीत एकच दरवाजा. डावी भिंत सपाट, तिला लागून शेजाऱ्यांची भिंत.

माझे आजोबा लाकडी ठसे कोरायचे. शेवटचा ठसा त्यांनी घरच्यांचाच कोरला. हीच खोली, आणि तिच्यात पणजोबांपासून सगळे दाटीवाटीने बसलेले. तो मात्र त्यांनी कधी छापला नाही.

"का गं, आत्या?"

"अरे, ठसा उलटा कोरावा, तेव्हा कागदावर सरळ उमटतो. जन्मभर लोकांना हेच शिकवलं, आणि घरच्यांच्या वेळी स्वतःच सरळ कोरून बसले."

ती हसली. हसताना तिच्या डाव्या गालावरचा तीळ वर जायचा.

"आज छापू या, असू दे उलटं. पोरांना आपली माणसं तरी कळतील."

शाई लावली. कागद ठेवला. दाबाचं चाक फिरवलं.

चेहरे स्वच्छ उमटले. दरवाजा मात्र... डावीकडे.

तेवढ्यात रस्त्यावरचे आवाज थांबले. सगळेच.

मी मान वर केली. उजवीकडे दरवाजा नव्हता.

जिथे कडी होती तिथे हात फिरवला... गार, गुळगुळीत चुना.

"मागे बघ," आत्या हळूच म्हणाली.

डाव्या भिंतीत दरवाजा होता. आमचाच. तीच कडी, तोच रंगाचा पोपडा.

त्याच्या पलीकडून खाकरण्याचा आवाज आला. मग खूप माणसं सरकून बसल्यासारखा...

कुणासाठी तरी जागा करत होती.

मी झरोक्याकडे तोंड करून ओरडलो. आवाज खोलीतच फिरून माझ्या कानाशी आला.

दरवाजा आत ढकलला जाऊ लागला. आत्या धावली आणि त्याला पाठ लावून उभी राहिली.

"शाई ओली आहे तोवर छापावर कोरा कागद ठेव. पुन्हा दाब. उलट्याचं सुलट होईल."

"आणि तू?"

"मी हलले तर ते आत येतील. हात चालव, शहाण्या."

तोंडाने नाम घेत मी चाक फिरवलं. मागे तिचा श्वास ऐकू येत होता. जड, धापा टाकणारा...

मग तोही थांबला.

मी कागद सोडवला. दरवाजा उजवीकडे आला होता. बाहेर भाजीवाला ओरडत होता.

आत्या माझ्या मागोमाग बाहेर आली. म्हणाली, "चल, चहा टाकते."

तिने कपात चहा ओतला... डाव्या हाताने.

हसली. तीळ उजव्या गालावर वर गेला.

मी तो चहा प्यायलो. आजही आम्ही एकाच घरात राहतो. ती प्रेमळ आहे, माझ्या ताटात गरम गरम वाढते. मान खाली घालून जेवतो.

तो पहिला छाप माझ्या कपाटात आहे. त्यात सगळे बसलेले आहेत. डावीकडच्या दरवाजाला पाठ लावून एक बाई उभी आहे.

आजोबांनी ती कोरलेली नाही. ठशावर ती जागा कोरी आहे.

एवढंच मागणं आहे तुमच्याकडे. संध्याकाळी देवापुढे हात जोडाल, तेव्हा माझ्या आत्याची आठवण ठेवा.

डाव्या गालावर तीळ असलेल्या आत्याची.