पायरीवरची बाई

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण ही गोष्ट माझ्या सख्ख्या काकांच्या घरात, भर दुपारी घडली आहे. त्यांनी ती मला सांगितली तेव्हा खोटं बोलून मिळवण्यासारखं त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं.

काका जुनी चित्रं दुरुस्त करायचे. गल्ली त्यांना 'डॉक्टर' म्हणायची. घराची पुढची खोली हाच दवाखाना.

"जगाची चित्रं बरी करा," काकू म्हणायची. "आपल्या भिंतीचे पोपडे दोन वर्षं पडतायत, ते नाही दिसत!"

त्या सोमवारी माणसाएवढं उंच एक चित्र आलं. पांढऱ्या संगमरवरी थडग्याचं. तीन पायऱ्या, वर उघडं काळं दार, आणि दाराकडे निघालेली, माना खाली घातलेली दगडी माणसं. सगळ्यात मागे, खालच्या पायरीवर एक बाई. तिच्या चेहऱ्याचा रंग पार उडाला होता.

"कुठलाही चेहरा चालेल," मालक म्हणाला. "फक्त रिकामा ठेवू नका."

समोर काकू मटार सोलत बसली होती. मान खाली. काकांनी तिचाच चेहरा रंगवला.

मंगळवारी ती बाई दुसऱ्या पायरीवर होती.

काकांना वाटलं, आपलीच नजर चुकली असेल.

दुपारी स्वयंपाकघरातून आवाज आला... धप्प... धप्प...

काकू चालत होती. पावलं गारढोण, नखं पांढरीफटक.

"काही नाही हो, जरा कणकण आहे," ती म्हणाली.

बुधवारी बाई तिसऱ्या पायरीवर. काकूला उठवेना.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. दुरुस्तीचा रंग कधीही पुसता येईल असाच लावायचा, हा त्यांच्या कामाचा नियम. त्यांनी कापसाचा बोळा भिजवला आणि चेहरा पुसून टाकला.

तासाभरात काकू उठून बसली. चहा मागितला. काका तिच्यासमोर ढसाढसा रडले.

गुरुवारी दुपारी शाळेतून फोन आला.

त्यांची नऊ वर्षांची मुलगी वर्गात बसल्या जागी गार पडली होती. काका तिला घरी घेऊन आले. उंबऱ्याशी तिचं पाऊल वाजलं...

धप्प.

तिला काकूकडे सोपवून ते चित्राकडे धावले.

तिसऱ्या पायरीवरच्या बाईला चेहरा होता. मुलीचा. हनुवटीवरच्या व्रणासकट. ब्रशची ढब काकांचीच... पण त्यांनी तो रंगवला नव्हता.

त्यांनी पुसला. जीव खाऊन पुसला. कापसाला रंगाचा ठिपकाही लागला नाही.

आतल्या खोलीत पोरीचा श्वास... ऐकूच येईना.

पुसता येत नाही, म्हणजे वरून दुसरा चेहरा रंगवायचा. काकांनी ब्रश उचलला. काकू दारात येऊन उभी राहिली. तिला सगळं कळलं होतं.

संध्याकाळच्या आत काकू गेली. मुलगी वाचली.

चित्रातली तिसरी पायरी रिकामी होती आणि दार बंद. मालक येऊन चित्र घेऊन गेला. दाराबद्दल त्यानं चकार शब्द काढला नाही.

काका आम्हा घरच्यांना सांगायचे, "ती स्वतःच म्हणाली, माझा रंगवा, पोरगी जगू दे." ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. आई ती आईच!

गेल्या वर्षी काका अंथरुणाला खिळले. मला एकट्याला जवळ बोलावलं.

"ती तसं म्हणालीच नव्हती रे."

"मग काय म्हणाली?"

"म्हणाली, 'माझा नको हो. आत काय आहे ते मी पाहिलंय. तुमचा रंगवा ना... तुमचा.'"

"आणि तुम्ही?"

"ती हात जोडून उभी होती. मी तिच्याकडे बघून बघून तिचाच रंगवला."

मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. चार दिवसांनी गेले.

त्यांची मुलगी, माझी ताई, आता दोन लेकरांची आई आहे. तिला यातलं काही माहीत नाही. परवा सहज म्हणाली, "आई हल्ली रोज स्वप्नात येते रे. बोलत नाही. नुसती हात जोडून उभी असते. माझ्यासाठी देवाकडे मागत असेल ना?"

मी म्हटलं, "हो ताई."