भिंतीतली आगाऊ खिडकी

ती खिडकी फोडण्यात उलिसेसचा सगळा फायदाच होता. पावाच्या भट्टीत भाजून निघालेला माणूस दुपारी घरी आला की अंगावर वारा, मान जरा वाकडी केली की समुद्र, आणि शेजाऱ्यांची कटकट नाही, कारण शेजारच्या घरात अजून कुणी राहायलाच आलं नव्हतं. तोटा त्याने हिशेबात धरला नाही. तोटा एका दुपारी हातात मोजपट्टी घेऊन आला, आणि त्याचं नाव यास्ना होतं.

चिलीतल्या इकीके शहराच्या वर, कड्याच्या काठाला आमची वस्ती. इथे सगळ्यांना अर्धी घरं मिळाली आहेत. एक घर, शेजारी तेवढीच मोकळी जागा, मग पुढचं घर. न्हाणी, स्वयंपाकघर आणि भक्कम भिंती सरकारने बांधून दिल्या. मधली जागा ज्याची त्याने ऐपतीप्रमाणे भरायची. कुणी तिथे पोरांची खोली काढतं, कुणी कोंबड्या पाळतं. वस्तीच्या कमिटीचा नियम एकच: शेजाऱ्याच्या जागेकडच्या भिंतीला भोक पाडायचं नाही.

"अहो शेजारी," यास्ना आपल्या मोकळ्या जागेत उभी राहून म्हणाली, "तुमचं स्वयंपाकघर माझ्या खोलीत कशाला आलंय?"

खिडकीतला कांदा चिरणारा हात थांबला. "खोली? कुठाय खोली?"

"मी उभी आहे ना, तीच."

"पण तुम्ही तर भिंतीत उभ्या आहात."

तिने खाली पाहिलं. पाय खरोखरच भिंतीसाठी आखलेल्या खडूच्या रेघेवर होते. ती एक पाऊल आत सरकली. "आणि आता?"

"आता... छान दिसताय."

यास्नाला मात्र थट्टा परवडणारी नव्हती. ती केस कापायची. बाजारातली तिची भाड्याची खुर्ची सुटणार होती, कारण दुकानाचा नवा मालक तिथे टायर ठेवणार होता. इथे स्वतःचं सलून उभं राहिलं नाही, तर कात्री घेऊन दारोदार फिरायचं. आणि ज्या खोलीत शेजाऱ्याचा कांदा परतला जातो, त्या खोलीला नगरपालिका सलूनचा परवाना देत नाही.

कमिटीच्या अध्यक्षा हर्मिंदाबाई, आमच्या भाषेत दोन्या हर्मिंदा, येऊन गरजल्या, "उलिसेस, छप्पर चढायच्या आत ही खिडकी बुजव. नाहीतर मी बुजवते, आणि तू आत असलास तरी बुजवते!"

उलिसेस बुजवायला लागला. असं बुजवणं वस्तीने कधी पाहिलं नव्हतं. रोज संध्याकाळी चहानंतर दोन विटा, फार तर तीन.

"आज दोनच?"

"सिमेंट हट्टी आहे."

"सिमेंट... की तुम्ही?"

उत्तरादाखल थापीवरून एक गरम पाव पलीकडे आला. तिने घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "यात वाळू आहे."

"तीळ समजा."

आमच्याकडे पाऊस पडत नाही. प्रेमात पडणाऱ्यांची भिजायची सोय नसते. त्यांना धुळीत खोकावं लागतं. ही दोघं भरपूर खोकली. खिडकी खालून भरत गेली. आधी यास्ना कोपरं टेकून बोलायची, मग टाचा उंचावून, आणि शेवटी वर एका विटेचं भोक उरलं तेव्हा सिमेंटच्या गोणीवर चढून. तोवर "अहो"चं "अरे" झालं होतं.

छपराचा लाकडी सांगाडा चढला, की त्यावर झेंडा लावायचा आणि घरमालकाने कामकऱ्यांना भाजलेलं मांस खाऊ घालायचं, ही आमची रीत. त्या दिवशी जो खाऊ घालतो तो मालक. यास्नाने ऐपतीपुरत्या कोंबड्या आणल्या होत्या. ती वर झेंडा बांधत असताना खाली उलिसेस आला, खांद्यावर अख्खं मेंढरू घेऊन. ती उतरेपर्यंत ते निखाऱ्यावर चढलंही.

दोन्या हर्मिंदांनी पेला उंचावला. "घरमालकाच्या नावाने!"

सगळ्यांच्या नजरा उलिसेसकडे वळल्या. आणि त्या शहाण्याने हसून मान लववली.

"कुणाच्या नावाने?" यास्नाने विचारलं. चरबी तेवढी चुरचुरत होती.

"अगं, मी आपली मदत म्हणून..."

"मदत गुपचूप करतात! ही जागा माझ्या नावावर व्हावी म्हणून मी फळ्यांच्या खोपटात वर्षं काढली. उद्या गिऱ्हाईक विचारेल, उलिसेसचं सलून कुठाय?"

उलिसेसचा चेहरा पडला. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. "मग... परत नेऊ?"

"निखाऱ्यावरून?"

कुणीतरी फिसकन हसलं. यास्ना हसली नाही. ती हिशेब करत होती. "हे मेंढरू मी विकत घेतलं. बदल्यात तुझे आणि तुझ्या भट्टीतल्या सगळ्यांचे केस, उन्हाळाभर. कबूल?"

"कबूल म्हण रे," दोन्या हर्मिंदा म्हणाल्या, "भूक लागलीय."

"कबूल."

"आणि आज तू मजूर. तिकडे बाकावर बस."

तो बसला. पेले पुन्हा उंचावले. "यास्नाच्या नावाने!" सगळ्यात मोठा आवाज बाकावरून आला.

जेवणं झाल्यावर उलिसेस घरात गेला आणि शेवटची वीट घेऊन भोकापाशी उभा राहिला. पलीकडे यास्ना गोणीवर चढली होती.

"समुद्र दिसतो का रे अजून?"

"छे. तुझ्या पुढच्या भिंतीने कधीच झाकला."

"मग इतके दिवस मान वाकडी करून काय बघत होतास?"

"तुझ्या केसांत भुसा अडकायचा... तो." त्याने वीट हातात फिरवली. "यास्ना, ही वीट नाही लावायची मला."

"लाव."

"लावू?"

"लाव. आणि मग खालून फोड... दाराएवढं. कडी माझ्या बाजूला."

"भिंतीला दार?" अंगणातून दोन्या हर्मिंदांचा आवाज आला, त्या अर्थातच ऐकत होत्या. "नियमात बसत नाही! दोन्ही घरं एकाच कुटुंबाची असली, तरच बसतं."

गोणीवरून तिने मान अंगणाकडे वळवली. मग यास्ना म्हणाली, "मग बसवा की नियमात."

वीट उलिसेसच्या हातून त्याच्याच पायावर पडली. तो ओरडला, तो होकार धरला गेला.

परवाना मिळाला, सलून उघडलं, दार झालं. भट्टीतली माणसं अजून फुकट केस कापून घेतात. लग्नाच्या वेळी मात्र प्रश्न आलाच: मेंढरू कुणाचं? यास्ना म्हणे माझं, उलिसेस म्हणे माझं, आणि दोघंही हटेनात. शेवटी वस्तीने निकाल दिला, की नियम जिने दाखवला तिने खर्च करावा. दोन्या हर्मिंदांनी केला. आणि वाढताना प्रत्येकाच्या ताटात किती तुकडे पडले, ते मोजूनही घेतले.