कोऱ्या कुपीतली फिल्म

कुपी रिकामी होती.

ऋजुता घारेने ती उष्णजलपात्रातून उचलली, खिडकीच्या उजेडात धरली, हलवून पाहिली. आत नुसतं पाणी. बोटभर लांबीची पॉलिएस्टरची पारदर्शक फिल्म तिनेच त्यात सोडली होती, ती विरून गेली होती. शेजारच्या कुपीतलीही विरली होती, पण तिने विरायलाच हवं होतं. त्या कुपीत उत्प्रेरक घातला होता. या कुपीत काहीच घातलं नव्हतं. ही कोरी चाचणी. तीच फिल्म, तेच पाणी, शरीराइतकीच ऊब, फक्त उत्प्रेरक नाही. प्रत्येक प्रयोगाशेजारी अशी एक कोरी कुपी ठेवायचीच, तरच जे घडलं ते उत्प्रेरकामुळे घडलं असं म्हणता येतं.

"परत?" इम्तियाजने मागून विचारलं.

"परत."

त्याने आपली कोरी कुपी तिच्यासमोर धरली. फिल्म पाण्यात शांत उभी होती, कोपरासुद्धा झिजला नव्हता.

"घारेबाई, तुमच्या हाताला गुण आहे," तो म्हणाला. "आमच्या मिरजेला चला. नाल्यातलं सगळं प्लास्टिक नुसत्या नजरेने गायब कराल."

ती हसली नाही. इम्तियाज नदाफ आणि ती, दोघं डॉ. बर्वेंकडे पीएच.डी. करत होते. पुण्यातल्या या प्रयोगशाळेचं नाव झालं होतं ते एका दुवाभेदी उत्प्रेरकामुळे. बहुवारिक म्हणजे एकसारख्या कड्यांची लांबलचक साखळी. हा उत्प्रेरक त्या कड्यांमधले दुवे सोडवायचा. प्रयोगशाळेत त्याला सगळे 'उसवण्या' म्हणत. पाण्यात, उबेत तो पॉलिएस्टर उसवायचा. कोरड्या भट्टीत नेला की तोच त्या सुट्या कड्या पुन्हा शिवायचा. गेल्या वर्षापासून एका कारखान्यात जुन्या बाटल्या आणि चिंध्या अशा उसवून, शिवून 'पुनर्नव' पॉलिएस्टर तयार होत होतं, आणि बर्वे मॅडम प्रत्येक भाषणात एक वाक्य हमखास म्हणायच्या: रेणूला पूर्वायुष्य नसतं.

मॅडमनी दोघांना समोर बसवलं.

"पाणी बदललंस?"

"याच्या बाटलीतलं घेतलं."

"ढवळकांडी? जुन्या कांडीच्या चरांमध्ये उत्प्रेरक अडकून बसतो, माहितीय ना?"

"नवी घेतली. कुप्यांचीही अदलाबदल केली, मॅडम. त्याच्या कुपीत मी केलं तरी विरते. माझ्या कुपीत त्याने केलं तरी टिकते."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे जे येतंय ते माणसाबरोबर येतंय. हे बाळंतपणाच्या रजेवरून आल्यावरच सुरू झालं, नाही का? आणि रजेआधी, अवघडलेली असतानासुद्धा तू उसवण्याची भुकटी करत होतीस. मी नको म्हणत होते."

"मुखपट्टी होती, मॅडम."

"असेल. पण उत्प्रेरक वापरून संपत नाही, ऋजुता. एक दुवा सोडवतो, मोकळा होतो, पुढच्याकडे वळतो. आपल्या उपकरणांना दिसणारही नाही इतका कमी असला तरी काम करत राहतो. तुझ्या घामातून येत असेल, श्वासातून येत असेल. घाबरू नकोस. तो फक्त याच जातीचा दुवा ओळखतो, आणि माणसाच्या अंगात पॉलिएस्टर नसतं."

इम्तियाजने मान खाली घातली. त्याला माहीत होतं. मॅडमना अजून सांगितलेलं नव्हतं.

ऋजुताच्या मुलीच्या, जुईच्या हृदयात जन्मापासून भोक होतं. ते आता बुजवायचं होतं, पॉलिएस्टरच्या कापडाची पट्टी शिवून.

*

त्या दिवसापासून तिने जुईला अंगावर पाजलं नाही.

तिच्या नवऱ्याने, श्रीरंगने, आधी समजावलं, मग आवाज चढवला, मग बाटली कशी धरायची ते शिकून घेतलं. ऋजुता दारात उभी राहून पाहायची. जुई चार घोट प्यायची आणि दमायची. कपाळावर घाम यायचा, नाकपुड्या फुलायच्या, बरगड्यांखाली खळगा पडायचा. श्रीरंगला तो खळगा दिसायचा नाही. ऋजुताला अंधारातही दिसला असता. अमुक वेळी ओठ निळसर होते की उजेडच तसा होता, यावर ती तासन्‌तास विचार करायची. घरात ती हातमोजे घालून वावरू लागली. जुई तिच्याकडे झेपावली की दोन पावलं मागे सरायची, आणि जुईला तो खेळ वाटायचा. ती खुदकन हसायची.

"अगं, निदान डोक्यावरून हात तरी फिरव," श्रीरंग म्हणाला.

"तिची पट्टी टिकायला हवी."

"अजून बसवलीय कुठे?"

"म्हणूनच."

शल्यविशारद डॉ. लोखंडे गाठीशी वेळ कमी असलेले गृहस्थ होते, पण त्यांनी तिचं ऐकून घेतलं. बंद पाकिटातला कापडाचा चौकोन त्यांनी टेबलावर ठेवला.

"बघा हातात घेऊन."

ऋजुताने हात पाठीमागे बांधले. "तुम्हीच दाखवा."

त्यांनी पाकीट उचलून धरलं. बारीक विणीचं, पांढरंशुभ्र कापड. पाकिटाच्या कोपऱ्यावर छोटं हिरवं पान छापलेलं होतं.

"आता सगळं हेच येतं," ते म्हणाले. "तुमच्याच शास्त्राची कृपा."

नाही म्हटलं तरी तिला बरं वाटलं.

"आधी हिच्या रक्तात काही आहे का ते बघायचंय, डॉक्टर. असेल तर हे कापड किती दिवस टिकेल सांगता येणार नाही."

"सहा महिने टिकलं की झालं. तोवर त्यावर शरीराचं स्वतःचं अस्तर चढतं. पूर्वी हृदयावरच्या आवरणाचा तुकडा कापून लावायचे, मी अजूनही लावतो कधीकधी. पण कापड भरवशाचं." त्यांनी पाकीट खणात ठेवलं. "करा तपासणी. पण फार लांबवू नका. पोरीचं वजन वाढत नाहीये, ते तुम्हालाही दिसतंय."

ते तिला दिसत होतंच.

चाचणी इम्तियाजने केली. ऋजुताने त्या खोलीत पाऊलही टाकलं नाही. जुईचं रक्त, ऋजुताचं रक्त, घाम, दूध. प्रत्येकाची वेगळी कुपी, प्रत्येकीत फिल्मचा तुकडा, सगळ्या उष्णजलपात्रात. फिल्म विरायला ऋजुताच्या हातून जेवढे दिवस लागायचे त्याच्या दुप्पट दिवस थांबायचं ठरलं. ती रोज काचेच्या दाराबाहेर येऊन उभी राहायची. इम्तियाज आतून अंगठा वर करायचा. तिचा विश्वास बसायचा नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा यायची.

शेवटच्या दिवशी त्याने कुप्या दारापाशी आणून दाखवल्या. प्रत्येक फिल्म जशीच्या तशी होती.

"स्वच्छ आहेस," तो म्हणाला. "पोरगीही स्वच्छ. जा, उचल तिला."

ती घरी गेली आणि हातमोजे न काढताच तिने जुईला उचललं. काढायचं सुचलंच नाही.

*

शस्त्रक्रियेच्या सकाळी जुईला आत नेलं, तेव्हा तिच्या मुठीत ऋजुताच्या ओढणीचं टोक होतं. सिस्टरनी एकेक बोट सोडवलं. श्रीरंग औषधांच्या रांगेत गेला. बाहेरच्या बाकड्यावर एक बाई स्टीलच्या डब्यातून चपातीचे तुकडे मोडत बसली होती.

"बसा की ताई. उभं राहून काय लवकर हुतंय व्हय?"

ऋजुता बसली. बाई फलटणची होती, अश्विनी जगताप. तिचा मुलगा, शंभू, आदल्या आठवड्यात याच खोलीतून बाहेर आला होता, आता वॉर्डात होता.

"आता बघा, नर्सिणीचे केस वढतोय. आधी दूध पिताना धाप लागायची. तुमची बी तशीच का?"

"तशीच."

"मग भिऊ नगा. कापड बसवलं की झालं. आयुष्यभर बघाया नको म्हणले डॉक्टर."

ऋजुताने मान हलवली. खूप दिवसांनी तिला थोडं मोकळं वाटत होतं, आणि मोकळं वाटलं की तिचं डोकं उरलेल्या गोष्टी उकरायला लागायचं. घाम स्वच्छ. रक्त स्वच्छ. मग तिच्या कोऱ्या कुपीतली फिल्म विरत कशाने होती? हात स्वच्छ असले तर कुपीत उसवण्या आला कुठून?

तिने इम्तियाजला फोन लावला.

"गेली आत?"

"गेली. इम्तियाज, माझ्या रक्ताला तू फिल्म कुठली वापरलीस?"

"कुठली म्हणजे? माझी."

"माझी म्हणजे?"

"माझ्या खणातली. कुलूप लावून ठेवतो मी. या प्रयोगशाळेत कात्री टेबलावर ठेवली तर संध्याकाळी सापडत नाही, तुला काय सांगायचं. जुना रोल आहे, अजून पुरतोय. तू काय वापरतेस?"

"कपाटातला. मी रजेवर असताना आलेला."

त्यांनी पाणी बदललं होतं, कांडी बदलली होती, कुप्या बदलल्या होत्या. फिल्म बदलायचं दोघांनाही सुचलं नव्हतं, कारण फिल्म ही तपासायची वस्तू नव्हतीच. तिच्यावर तपासायचं असतं.

"इम्तियाज, कपाटाकडे जा. रोलवर काय छापलंय ते वाच."

पावलांचा आवाज. कपाटाचं दार. मग रोल फिरवल्याची करकर.

"पान आहे," तो म्हणाला. "हिरवं पान. पुनर्नव. आपल्याच कारखान्याचा माल."

उत्प्रेरक वापरून संपत नाही. कारखान्यात त्याने जुन्या साखळ्या उसवल्या, भट्टीत नव्या शिवल्या, आणि शिवून झाल्यावर तो गेला कुठे? कुठेच गेला नाही. कुठल्याही उपकरणाला दिसणार नाही इतका थोडा, पण तिथेच, धाग्यात, कोरड्यात गप्प बसून राहिला. सदरा धुतला की वाळतो. बाटलीतलं पाणी गार असतं. दिवसरात्र ओली आणि दिवसरात्र उबदार अशी जागा वस्तूंना सहसा मिळत नाही. उष्णजलपात्रात मिळते.

आणि माणसाच्या छातीत.

ऋजुता उठली तेव्हा अश्विनीचा डबा खाली पडला. शस्त्रक्रियागृहाच्या दारावर तिने तळहात आपटले. सिस्टर बाहेर आल्या, कपाळाला आठ्या घालून.

"डॉक्टरांना सांगा, कापड लावू नका."

"ताई, तुम्ही बसा. सगळ्याच आयांना शेवटच्या क्षणी—"

"मी घाबरून बोलत नाहीये." ती घाबरलेलीच होती, आवाज मात्र तिने परीक्षकांसमोर धरावा तसा धरला. "त्या कापडातच ते विरवणारं रसायन आहे. ते आम्ही बनवलंय. कापडाला माझी संमती नाही. तिच्या हृदयावरचं आवरण लावा, त्याला संमती आहे. डॉक्टरांना एवढंच सांगा. लेखी हवं तर आत्ता देते."

दार बंद झालं. ती दाराला टेकून उभी राहिली. आत काय चाललंय ते ऐकू येत नव्हतं, म्हणून ती स्वतःचा श्वासही रोखून होती. श्रीरंग औषधांची पिशवी घेऊन आला, तिचा चेहरा पाहिला आणि शेजारी उभा राहिला.

सिस्टर पुन्हा आल्या, तेव्हा त्यांच्या आवाजातला वैताग गेला होता.

"पाकीट उघडलं होतं, लावलं नव्हतं. डॉक्टर आवरणच घेतायत. म्हणाले, चालेल. बाळ ठीक आहे." त्या घुटमळल्या. आवाज उतरवून म्हणाल्या, "पण ते विचारतायत, तुमची खात्री आहे का? कारण गेले दोन महिने आम्ही सगळ्यांना तेच लावतोय."

ऋजुताने मान हलवली. "आहे," ती म्हणाली. ती बाकड्याकडे वळली. अश्विनी वाकून फरशीवरचे चपातीचे तुकडे गोळा करत होती. तिने सगळं ऐकलं होतं. कळलं किती होतं, ते चेहऱ्यावरून समजत नव्हतं.

"तुमच्या पोरीला कापड नाही लावत?"

"नाही."

"आमच्याला तर लावलंय." ती हातातल्या तुकड्यांकडे पाहत राहिली. "चांगल्यातलं हाय म्हणले होते. पाकिटावर हिरवं पान होतं."

ऋजुता तिच्याशेजारी बसली. एवढ्या दिवसांत तिने आपल्या माणसांनाही उघड्या हाताने धरलं नव्हतं. तिने हातमोजे काढले, अश्विनीच्या हातातले तुकडे डब्यात ठेवले आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"शंभू कुठल्या वॉर्डात आहे?" तिने विचारलं.