ओहोटीतलं तळं

टक्! पाकिटातून गोळी सुटली आणि खोलीतली शांतता मोडली. नवरा पलंगाच्या कडेला बसला होता. गोळी तळहातावर तशीच धरून म्हणाला, "आज तुम्ही दोघी जाऊन या."

कुठे, ते विचारायची गरज नव्हती. बेटावर आल्यापासून बघण्यासारखं, करण्यासारखं सगळं आम्ही त्याच्या दमानं केलं होतं. काचेच्या तळाच्या होडीतून मासे पाहिले. सायकली भाड्यानं घेतल्या आणि झाडाखाली उभ्या करून ठेवल्या. दीपगृहाला खालूनच हात लावला. राहिलं होतं ते तळं. अमावास्येच्या मोठ्या ओहोटीत समुद्र इतका मागे हटतो, की समोरच्या खडकापर्यंत वाळूची वाट उघडी पडते. खडकामागच्या तळ्यात जांभळी प्रवाळं आणि तळहाताएवढे तारामासे. लग्नाआधी त्यानं ते पाहिलं होतं. आता व्हरांड्यापर्यंत गेला तरी त्याला धाप लागते. डॉक्टरांनीही औषध बदलायचं सोडून दिलंय. कुठे जायचंय तिथे जाऊन या, एवढंच म्हणाले.

"भिंगरी येऊन सांगेल मला," तो म्हणाला. भिंगरी म्हणजे आमची लेक. "जा गं. मी कुठे पळून जातोय?"

दीर त्याच्याजवळ थांबला आणि आम्ही निघालो.

वाट दाखवायला शिंपल्या वेचणाऱ्या मावशी होत्या. माझे पांढरेशुभ्र बूट बघून त्यांनी विचारलं, समुद्राला दाखवायला आणलेत का? पहिल्याच चिखलात त्यातला एक गेला तो गेलाच. वाळू ओली, सुरकुतलेली. पावलापावलावर चिमुकले खेकडे बिळात पळत होते आणि भिंगरी प्रत्येकाला थांब म्हणत होती. एवढं पाणी गेलं कुठे, हे तिला कळेना. मावशींनी तिला समजावलं, की भरती आली म्हणून घाबरायचं नसतं. पाणी चढतं, थोडा वेळ थांबतं, मग ओहोटी लागते आणि सगळं पुन्हा मोकळं होतं. भिंगरीला ते फार पटलं.

पुढे खडक लागले. शेवाळानं बुळबुळीत, कडांना शिंपल्यांची पाती. माझी पोटरी चिरली. भिंगरीला पाठीवर घेतलं. वारा फिरला होता, पण माझं लक्ष समोर होतं. दोन खडकांच्या फटीतून काहीतरी हिरवंगार चमकलं. तळं!

मावशी मात्र मागे बघत होत्या. आम्ही ओलांडून आलो होतो तो कोरडा चर भरायला लागला होता. वाऱ्यानं पाणी वेळेआधीच आत लोटलं होतं.

"फिरा मागे."

"पाच मिनिटं, मावशी. नुसतं डोकावू दे तिला."

"तळं काय, पुढच्या अमावास्येलाही इथंच असेल."

"तो नसेल."

 मावशींनी भिंगरीला माझ्या पाठीवरून उचलून खांद्यावर बसवलं, काठीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि पाण्यात उतरल्या.

गुडघे. कंबर. छाती! पायाखालची वाळू सरकत होती. लाट आली. मी घसरले! नाकातोंडात खारं पाणी. काठी सुटली... पुन्हा सापडली! भिंगरीच्या मुठींनी मावशींचे केस घट्ट धरले होते. "खाली बघू नका!" मावशी ओरडल्या. मी खाली बघितलं नाही. मागे मात्र एकदा बघितलं. खडक होता, फट नव्हती.

किनाऱ्याच्या वाळूवर आम्ही तिघी आडव्या पडलो. जिवंत होतो. मला आनंद व्हायला हवा होता. खोलीकडे येताना मी भिंगरीला हळूच म्हटलं, बाबांना सांगूया, तळं फार छान होतं. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. आपण बघितलंच नाही ना, म्हणाली.

खोली उघडीच होती. पलंग रिकामा. उशाशी माझा फोन वाजत होता. पलीकडे दीर होता. दादाला श्वास घेता येईना, बंदराजवळच्या दवाखान्यात आणलंय. इथे फारसं काही होणार नाही म्हणतात, आणि हा वारा पडेपर्यंत पलीकडे न्यायला बोट नाही. वहिनी, लवकर या.

"भरती केलं?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

भिंगरी दारात उभी होती. केसांतून पाणी गळत होतं, पण चेहरा एकदम सैल झाला. भरतीचं तिला आता सगळं ठाऊक होतं. जवळ येऊन तिनं माझा ओला पदर ओढला.

"आई, मग बाबांना ओहोटी कधी लागेल?"