रिकाम्या खोलीचा आवाज

तुला म्हणून सांगते, बाकीचे म्हणतील बाईला भास झाला. मालिकांच्या सेटवर मी आवाज टिपते. दृश्य संपलं की सगळ्यांना जागच्या जागी गप्प बसवून थोडा वेळ नुसत्या खोलीचा आवाज टिपायचा, अशी आमची रीत. पुढे संवादांमधल्या फटी बुजवायला तो लागतो.

त्या दुपारी नायिकेचं शेवटाआधीचं दृश्य झालं. शेवटच्या दृश्यात ती जीव देणार, व्हायोलिन वाजणार आणि छळणारं अख्खं घर धाय मोकलून रडणार. दिग्दर्शक जाम खूश. मरणाचा असा सोहळा बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"शांतता!" मी ओरडले. पंखे बंद झाले. तापलेल्या दिव्यांचा आणि ओल्या रंगाचा वास कोंडला. हेडफोनमध्ये बारीक घरघर... आणि त्यात एका बाईचा आवाज, अगदी कानाशी.

"तिला विचार ना..."

मी दचकून पाहिलं. कुणाचेच ओठ हलत नव्हते. पुन्हा टिपलं.

"विचार ना गं... उशीर होतो..."

नायिकेचं काम करणारी पोर अजून पलंगाच्या कडेला बसून होती. हल्ली तिचा डबा न उघडताच परत जायचा. सकाळीच तिने आपली लाडकी शाल मेकअपवालीला देऊन टाकली होती. मी हेडफोन काढला. तिच्याजवळ जाऊन बसले.

"बाळा, खरं सांग. तुला स्वतःलाच मरावंसं वाटतंय का?"

"अहो, भलतंसलतं काय घालताय तिच्या डोक्यात!" दिग्दर्शक ओरडला.

तिने माझा हात घट्ट धरला. "हो ताई... आजच. शेवटी सगळे किती रडतात ना माझ्यासाठी..."

"ग्लिसरीन घालून रडतात गं! आणि ते बघायला तू नसतेस."

ती माझ्या कुशीत कोसळली. फोन केला तसा तिचा भाऊ धावत आला. त्याच संध्याकाळी आम्ही तिला डॉक्टरांकडे नेलं.

उपचार सुरू झाले. कधी बरं, कधी वाईट. मालिकेचा शेवट तिच्याविना अडला होता. काही महिन्यांनी ती परत आली ती ठणकावूनच, "माझी नायिका मरणार नाही." नव्या दृश्यात नणंद दार ठोठावून आत येते, सरळ विचारते आणि तिला डॉक्टरांकडे नेते. "कोण बघणार हे?" म्हणे दिग्दर्शक. अरे, बघितलं लोकांनी! "आज मी माझ्या लेकीला विचारलं," असे फोनवर फोन आले. मी तर आनंदाने नाचले.

पण ते दृश्य झालं त्या दिवशीचं सांगायचं राहिलंच. टाळ्या थांबेनात. नायिका त्याच पलंगावर बसून खळखळून हसत होती. मी कसंबसं सगळ्यांना गप्प केलं, हेडफोन चढवला. पुन्हा तोच बाईचा आवाज.

"मला... कुणी विचारलंच नाही..."

माझे डोळे भरून आले. हेडफोन काढला आणि सगळ्यांच्या देखत मोठ्याने विचारलं, "तू कशी आहेस गं? ये, बस."

कुणीही हसलं नाही. नायिका हळूच सरकली, शेजारी जागा करून दिली.

आणि त्या रिकाम्या जागी गादी दबली.